सोळा अश्वशक्तीची दोन इंजिने

१२ जुलै १८२३ रोजी कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतून ‘डायना’ नावाची आगबोट हुगळीच्या पाण्यात उतरली. तिच्या पोटात लंडनच्या मॉडस्ले कारखान्याची दोन इंजिने होती आणि प्रत्येकाची शक्ती १६ अश्वशक्ती अशी नोंदवलेली होती. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ नावाची छोटी मालमोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनाची शक्तीही १६ अश्वशक्तीच. हिंदीत ‘छोटा हाथी’ आणि बंगालीत ‘छोटा हाती’ या लाडक्या नावाने ही गाडी आज कोलकात्याच्या बडाबाजारापासून हावड्याच्या गुदामांपर्यंत सर्वत्र दिसते. एक इंजिन आगबोट ओढण्यास पुरेसे मानले गेले, तर दुसरे ७५० किलो माल वाहण्यास. आकडा मात्र एकच. मग हा आकडा नेमके काय मोजतो?

पिकअप गाड्यांची तुलना बहुधा याच आकड्यावर होते. जाहिरातीत तो सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो, गाडी घेणाराही तोच आधी विचारतो. २०२० साली अमेरिकेत ‘रॅम १५०० टीआरएक्स’ ही पिकअप आली, तेव्हा तिची ७०२ अश्वशक्ती हाच तिच्या प्रसिद्धीचा गाभा होता. योगायोग असा, की आपल्या ‘एस’च्या इंजिनाचे आकारमान ७०२ घन सेंटीमीटर आहे. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्या ७०२ अश्वशक्तीच्या अमेरिकी गाडीची भारवहन क्षमता जेमतेम ६०० किलो आहे. चव्वेचाळीस पट शक्ती, आणि पाठीवरचे ओझे मात्र कमी! अर्थात ती गाडी मागे साडेतीन टनांहून अधिक वजनाचा ट्रेलर ओढू शकते आणि तिची रचना वाळवंटात भरधाव धावण्यासाठी केलेली आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पण पाठीवरच्या मालाचा विचार केला, तर अश्वशक्तीच्या क्रमाने लावलेली यादी येथे पार उलटी होते.

हा उलटेपणा समजून घ्यायचा, तर कोलकाता परिसराइतके उत्तम स्थळ भारतात क्वचितच सापडेल. स्नायू, जनावरे, वाफ, डिझेल आणि वीज यांची शक्ती या शहराच्या आसपास गेली दोनशे वर्षे एकमेकींशी तोलली गेली आहे.

आरंभ श्रीरामपूरला होतो. कलकत्त्यापासून नदीने वर गेले की उजव्या हाताला टिटागढ आणि डाव्या हाताला श्रीरामपूर लागते. तेथे विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मिशन होते, छापखाना होता आणि त्यासाठी लागणारा कागद बनवणारी गिरणीही होती. ही गिरणी पायांनी फिरवायच्या चक्रावर चालत असे आणि ते चक्र चाळीस माणसे पाळ्या लावून फिरवीत. त्या कामावर एका मजुराचा मृत्यू झाला. त्यानंतर मिशनने इंग्लंडमधील बोल्टनहून १२ अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन मागवले आणि मार्च १८२० मध्ये ते सुरू झाले. आसपासचे लोक ते पाहायला गर्दी करीत व त्याला आगीचे यंत्र म्हणत. मराठीत आगगाडी आणि आगबोट हे शब्द रुळले, त्यामागेही हेच कुतूहल असावे.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अश्वशक्ती हे एकक ठरवले, ते आपली इंजिने विकण्यासाठी. गिरणीमालकाकडे घोडे होते. इंजिन किती घोड्यांचे काम करील, एवढेच त्याला कळायला हवे होते. वॉटने ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलण्याइतकी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती असे धरले. आजच्या भाषेत ७४६ वॅट. दिवसभर काम करणारा धडधाकट माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्ती देतो, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. श्रीरामपूरची चाळीसही माणसे एकाच वेळी चक्रावर चढली असती, तरी दिवसभराच्या हिशेबाने त्यांची शक्ती ४ अश्वशक्तीच भरली असती. १२ अश्वशक्तीच्या इंजिनाने त्याच्या तिप्पट शक्ती दिली, आणि तीही न थकता.

याच गिरणीतले इंजिन पाहून टिटागढचा लोहार गोलकचंद्र याने स्वतः एक वाफेचे इंजिन घडवले. जानेवारी १८२८ मध्ये कलकत्त्यात कृषी व उद्यान संस्थेच्या वार्षिक सभेत ते मांडले गेले आणि त्याला ५० रुपयांचे पारितोषिक मिळाले. कुणा युरोपीय कारागिराची मदत न घेता केलेले हे काम होते. भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात या लोहाराला आजवर जेवढी जागा मिळाली, त्याहून कितीतरी मोठी मिळायला हवी होती.

आता पुन्हा ‘डायना’कडे वळू. तिची इंजिने आधी चीनमधील कॅन्टनला पाठवली गेली होती. तेथे गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून ती कलकत्त्यास आली आणि खिदिरपूरला बांधलेल्या बोटीत बसवली गेली. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध सुरू झाले. कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट यांच्या आग्रहावरून कंपनी सरकारने ‘डायना’ इरावती नदीवर नेली. ब्रह्मी सैन्याकडे लांबलचक युद्धनौका होत्या. एकेका नौकेवर पन्नास-साठ किंवा त्याहून अधिक वल्हेकरी दोन रांगांत बसत. शिडाच्या इंग्रजी जहाजांना त्या सहज हुलकावणी देत.

साठ वल्हेकरी जिवाच्या आकांताने वल्ही मारू लागले, तर थोड्या मिनिटांसाठी प्रत्येकी ३०० वॅट शक्ती सहज देतील. म्हणजे सगळे मिळून १८ किलोवॅट, सुमारे २४ अश्वशक्ती. ‘डायना’ची दोन्ही इंजिने मिळून ३२ अश्वशक्ती. वल्ह्यांच्या चाकांत वाया जाणारी शक्ती आणि बोटीचे वजन धरले, तर पहिल्या काही मिनिटांत ब्रह्मी नौका आगबोटीला हार जाण्याचे कारण नव्हते. पण अर्ध्या तासाने चित्र पालटे. वल्हेकऱ्यांची शक्ती ७५ वॅटकडे घसरू लागे, बॉयलरमध्ये मात्र लाकूड पडतच राही. दमलेल्या नौका एकामागून एक गाठल्या गेल्या. साम्राज्याच्या हाती नव्या यंत्राने काय दिले, हे इतक्या उघडपणे फार थोड्या प्रसंगांत दिसते. त्या नदीवर सर्वोच्च शक्तीने काही ठरले नाही. किती वेळ टिकते, यावरच निकाल लागला.

‘डायना’चा १६ हा आकडाही जसा दिसतो तसा नाही. त्या काळी इंजिनाची शक्ती प्रत्यक्ष मोजून क्वचितच लिहीत. दट्ट्याचा व्यास घ्यायचा, सिलिंडरमधला सरासरी दाब चौरस इंचाला ७ पौंड आहे असे गृहीत धरायचे, दट्ट्याचा वेगही ठरावीक मानायचा आणि गुणाकार करायचा. याला नाममात्र अश्वशक्ती म्हणत. पुढे बॉयलर सुधारले, दाब वाढला, दट्टे वेगाने धावू लागले. सूत्र मात्र तेच राहिले. परिणामी कागदावरची अश्वशक्ती आणि खरी अश्वशक्ती यांत दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक अंतर पडू लागले. १८२३ सालच्या इंजिनाबाबत हे अंतर लहान असेल, पण ‘डायना’चे १६ आणि ‘एस’चे १६ हे एकाच काट्यावर तोललेले आकडे नव्हेत, एवढे लक्षात ठेवावे.

सव्वाशे वर्षांनी हाच प्रकार हुगळीकाठी पुन्हा घडला. हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना १९४८ मध्ये गुजरातमधील ओखा बंदरातून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे आला. त्यांच्या पहिल्या मोटारीचे नाव ‘हिंदुस्थान टेन’, म्हणजे इंग्लंडची ‘मॉरिस टेन’. नावातला ‘दहा’ हा अश्वशक्तीचा आकडा होता, पण करआकारणीच्या अश्वशक्तीचा! ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून काढलेल्या अश्वशक्तीवर बसत असे. दट्ट्याचा वेग आणि दाब येथेही गृहीतच धरलेला. ‘दहा’ अश्वशक्तीच्या या गाडीचे इंजिन प्रत्यक्षात सुमारे ३७ अश्वशक्ती देई. या कराचा एक विचित्र परिणाम असा झाला, की ब्रिटिश अभियंते सिलिंडर अरुंद आणि दट्ट्याची धाव लांब ठेवू लागले, कारण कर रुंदीवर होता, लांबीवर नव्हता. मोजमापाचे सूत्र चुकले की यंत्राचा आकारही त्या चुकीप्रमाणे बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आजच्या अश्वशक्तीचे आकडे ब्रेक लावून, डायनामोमीटरवर मोजलेले असतात. निदान तेवढ्यापुरते ते प्रामाणिक आहेत.

मधल्या काळात खरे घोडेही होते. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती वर्षभरही टिकली नाही. १८८० मध्ये नव्या कंपनीने ती पुन्हा आणली आणि शतक संपेपर्यंत कंपनीच्या तबेल्यांत सुमारे हजार घोडे झाले. हजार घोडे म्हणजे हजार अश्वशक्ती, असा हिशेब मात्र मांडता येत नाही. वॉटने आपला घोडा जरा सढळ हाताने मोजला होता. त्यात कलकत्त्याच्या दमट उकाड्यात ट्रामचे घोडे थोडे तासच काम करू शकत, बाकीचा वेळ ते खात आणि विसावा घेत. १९०२ मध्ये विजेची ट्राम धावली आणि तबेल्यांचे काम संपत आले.

शक्ती आणि ओढ यांतला फरक मात्र या शहराला घोड्यांनी नव्हे, नदीने शिकवला. समुद्रापासून कलकत्त्यापर्यंतचा हुगळीचा मार्ग वळणावळणाचा, वाळूच्या सरकत्या पट्ट्यांचा. वारा आणि भरती यांची गाठ पडेपर्यंत शिडाची जहाजे दिवसचे दिवस खोळंबून राहात. १८३० च्या दशकात द्वारकानाथ ठाकूर यांच्या कार-टागोर कंपनीने या अडचणीचा धंदा केला. कलकत्ता स्टीम टग असोसिएशन स्थापन झाली, ‘फोर्ब्स’ ही प्रत्येकी ६० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांची आगबोट घेतली गेली आणि कोळशासाठी राणीगंजची खाणही विकत घेण्यात आली. टग, म्हणजे दुसऱ्या जहाजाला ओढून नेणारी बोट. ती वेगाने धावत नाही. ती सावकाश चालते आणि जोर लावते.

शालेय भौतिकशास्त्रातले एक सूत्र येथे पुरेसे आहे: शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. १२० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ९० किलोवॅट. सेकंदाला ३ मीटर या चालीने सगळीच्या सगळी कामी लागली असती, तर ‘फोर्ब्स’ने जवळजवळ ३ टन वजनाइतकी ओढ दिली असती, चाकांतली गळती वजा जाता बरीच कमी. वेग दुप्पट केला की हीच ओढ निम्मी होते. म्हणून अश्वशक्तीचा आकडा एकटा कधीच सांगत नाही, की इंजिन किती ओझे हलवील. ते ओझे किती वेगाने हलेल, एवढेच तो सांगतो. ओझे हलवण्याचे काम गिअरही करू शकतात. टगच्या बाबतीत ते चाकांची रचना आणि सावकाश चाल करते.

‘एस’च्या निर्मात्यांना हे नेमके उमगले होते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने इंडिका मोटारीचे १४०५ घन सेंटीमीटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन घेतले आणि शब्दशः त्याचे अर्धे केले. उरले दोन सिलिंडर, ७०२ घन सेंटीमीटर आणि १६ अश्वशक्ती. ही पूर्ण शक्ती मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर मिळते. पण इंजिनाचा पीळ, ज्याला सारेजण टॉर्क म्हणतात, तो सर्वाधिक म्हणजे सुमारे ३८ न्यूटन-मीटर इतका २,००० फेऱ्यांवरच मिळतो. त्या क्षणी इंजिनाची शक्ती ११ अश्वशक्तीच्या आसपासच असते. म्हणजे भरलेली गाडी जागची हलवताना चालकाला ज्या अवस्थेची गरज असते, तिचे वर्णन १६ हा आकडा करतच नाही.

हे १६ पुरतात का? भरलेल्या ‘एस’चे एकूण वजन साधारण १,५५० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर तिच्या चाकांचा विरोध ढोबळमानाने २३० न्यूटन धरता येईल. बडाबाजाराच्या गर्दीत ताशी २० किलोमीटर वेग मिळाला, तरी चालक नशीबवान. त्या वेगाला २ अश्वशक्तीही लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ला हवेचा विरोध मिळवून ७ अश्वशक्ती. हावडा पुलाच्या चढाला तीसास एक असा उतार धरला, तरी ताशी २० ने चढायला साडेपाच अश्वशक्ती पुरे. गंगेच्या गाळाने सपाट केलेल्या या शहरात १६ अश्वशक्ती म्हणजे चैन आहे.

तीच गाडी जेथे जन्मली, त्या महाराष्ट्रात घाटाला लागली की हिशेब बदलतो. वीसास एक अशा चढावर तिला सुमारे १,००० न्यूटन जोर सतत लावावा लागतो. चाकांपर्यंत १० किलोवॅट पोहोचले, तर वेग ताशी ३६ किलोमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, मग चालक कितीही कुशल असो. खंबाटकी किंवा बोरघाटात छोट्या हत्तीमागे लागलेली मोटारींची रांग याच गुणाकाराचे फळ आहे. तेथे ७० अश्वशक्तीची ‘इंट्रा’ किंवा त्याच गटातली ‘बोलेरो पिकअप’ उठून दिसते. या गाड्या सव्वा-दीड टन माल नेतात, म्हणजे ओझे दुप्पट आणि शक्ती चौपटीहून अधिक. वरची शक्ती ओझ्यासाठी नाही, चढावरच्या वेगासाठी आणि महामार्गावरच्या चालीसाठी आहे. ज्याचा माल रोज पुण्याहून कोल्हापूरला जातो, त्याने ती जरूर विकत घ्यावी. ज्याची गाडी दिवसभर स्ट्रँड रोड ते बडाबाजार एवढ्याच फेऱ्या मारते, त्याने अश्वशक्तीच्या यादीत वरची गाडी कर्जाने घेतली, तर न वापरलेल्या वेगाचे हप्ते तो पाच वर्षे भरत राहतो. आणि हे हप्ते भरणारा बहुधा एकाच गाडीचा मालक असलेला चालक असतो, ज्याच्याकडे गणित चुकल्यावर दुसरी गाडी नसते.

बडाबाजाराच्या अरुंद गल्ल्यांत या गाडीचा खरा प्रतिस्पर्धी कुठलीच पिकअप नाही. तो म्हणजे ठेला, म्हणजेच हातगाडी, आणि डोक्यावर ओझे वाहणारा हमाल. दोन-तीन माणसे मिळून ठेल्यावर पाऊण टनाच्या आसपास माल रेटतात. त्यांची एकत्रित टिकाऊ शक्ती पाव अश्वशक्तीच्या घरात, पण ओझे जवळजवळ ‘एस’इतकेच. त्यांनी कमी केलेला असतो तो फक्त वेग, आणि त्याची किंमत पाठीने व गुडघ्यांनी चुकवलेली असते. अश्वशक्तीच्या यादीत हा ठेला कुठेच बसत नाही. किलो आणि दिवस यांच्या यादीत तो अजूनही टिकून आहे.

२०२२ मध्ये ‘एस’ विजेवर आली. तिची मोटर २७ किलोवॅटची, म्हणजे ३६ अश्वशक्तीची आहे. जुन्या डिझेल गाडीच्या दुपटीहून अधिक. टॉर्क १३० न्यूटन-मीटर, आणि विजेच्या मोटरीच्या स्वभावानुसार तो जवळपास थांबलेल्या अवस्थेपासूनच हाताशी असतो. सुरुवातीच्या गाडीची भारवहन क्षमता मात्र ६०० किलो, जुन्या गाडीहून कमी. तुलना करणाऱ्यांची पुन्हा पंचाईत झाली: शक्ती वाढली आणि ओझे घटले. कारण या गाडीची मर्यादा मोटर ठरवत नाही, जड बॅटरी ठरवते. आणि दिवसभराचे काम अश्वशक्तीवर नाही, बॅटरीत साठवलेल्या ऊर्जेवर अवलंबून असते. ती ऊर्जा २१.३ किलोवॅट-तास आहे. दिवसभर ७५ वॅटने आठ तास राबणारा माणूस ०.६ किलोवॅट-तास काम करतो. एका भरलेल्या बॅटरीत अशा पस्तीस माणसांचा पूर्ण दिवस मावतो. श्रीरामपूरच्या चक्रावर चाळीस होती.